मत्तय आमच्या डिपार्टमेंटचा

नव्या ऑफिसात जॉइन झालं की पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये माझा एक इंटरव्ह्यू होतोच. एचआरचा नाही, डबा खाणाऱ्यांचा. "आडनाव तर आपल्यातलंच वाटतं की गं!" "घरी इंग्लिश बोलता का?" "मग दिवाळीला काय करता?" आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न, "तुमच्यात उपवासाला साबुदाणा चालतो?" मी नगरची. घरी अस्सल नगरी मराठी, ज्वारीची भाकरी, आणि नाताळात करंज्या-शंकरपाळ्या-चकल्या. इंग्लिश तर मी एम.कॉम. होईपर्यंत घाबरत घाबरत बोलायचे. आता सगळी उत्तरं पाठ झालीयेत. कुणी वाईट हेतूनं विचारत नाही हो. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, तर शहरभर गदारोळ झाला आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्या मानानं माझ्या डब्यातली वांग्याची भाजी रोज चार डब्यांत फिरून येते. प्रगतीच म्हणायची!

एक प्रश्न मात्र कधीच कुणी विचारत नाही. की बाई, रविवारी चर्चमध्ये जातेस ते ठीक, पण सोमवार ते शनिवार या धर्माचं तू करतेस काय?

विचारलं नाही तेच बरं. कारण मला ऑफिसात ख्रिस्ती असणं म्हणजे गोड बोलणं, नाताळचा फराळ वाटणं आणि ऑफिस पार्टीत कुणी ग्लास पुढे केला की "नको, थँक्स" म्हणणं, एवढंच वाटायचं. बाकी मी अकाउंट्समध्ये. तिथं धर्म कुठं येतो? तिथं येते ती तारीख.

ज्यांनी मार्च एंडिंग जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. टार्गेट त्याच वर्षात पूर्ण व्हायला हवं, म्हणजे विक्री ३१च्या आत दिसायला हवी. पण माल गेटबाहेर पडला नाही तर विक्री कसली? मग होतं काय, की माल असतो गोडाऊनमध्ये, गाडी येणार असते चार दिवसांनी, आणि बिलावर तारीख पडते ३१ मार्च. "अगं, माल जाणारच आहे ना? ऑर्डर खरी, कस्टमर खरा, पैसे खरे. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतं?" हे वाक्य तुमच्याही ओळखीचं असेल, डिपार्टमेंट कुठलंही असो.

३१ मार्च २०२३ला, शुक्रवारी, आमच्या सरांनी हेच वाक्य मला ऐकवलं आणि मी दोन बिलं पंच केली. गाडी गेली सोमवारी, ३ एप्रिलला. मधल्या रविवारी मी काय करत होते माहितेय? तो झावळ्यांचा रविवार होता. हातात झावळी धरून, छान कॉटनची साडी नेसून, मोठ्या आवाजात गाणी म्हणत चर्चभोवती फिरत होते. त्या बिलांची आठवणसुद्धा आली नाही. खोटं बोलल्यावर माणसाला झोप लागत नाही म्हणतात ना, साफ खोटं आहे ते. मला मस्त झोप लागली. पुढे टार्गेटचा इन्सेंटिव्हही मिळाला, बावीस हजार. त्यातून मी मायक्रोवेव्ह घेतला.

जुलैत इंटर्नल ऑडिट आलं. ई-वे बिलाचे दोन भाग असतात. एकात माल, किंमत, पाठवणारा-घेणारा. दुसऱ्यात गाडीचा नंबर. हा दुसरा भाग भरेपर्यंत बिलाची मुदत सुरूच होत नाही. तर गाडीचा नंबर पडला होता ३ एप्रिलला, आणि गेटच्या रजिस्टरात माल बाहेर गेल्याची नोंद ३१ मार्चची. पोरगेलेसा ऑडिटर होता, पण हुशार! त्यानं मीटिंगमध्ये विचारलं, ही नोंद कुणी केली? डिस्पॅचचे काका उठले आणि म्हणाले, "माझ्याकडून तारीख चुकून पडली, साहेब."

मी त्यांच्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते. सर माझ्याकडे बघत नव्हते, मी सरांकडे बघत नव्हते. टेबलावर बिस्किटांची प्लेट होती, तिच्यातली क्रीमची बिस्किटं संपली होती, हे मला आजही आठवतं. काकांना मेमो मिळाला, त्यांचं इन्क्रिमेंट अडलं, आणि डिस्पॅचवरून त्यांची बदली मागच्या स्क्रॅप यार्डात झाली. मी एक शब्द बोलले नाही. नंतरही नाही. फक्त त्या बाजूनं जायचं बंद केलं. चहाच्या टपरीला जायचा तो शॉर्टकट होता, पण मी पुढच्या गेटनं जायला लागले.

आता २०२४. त्या वर्षी लेंटचा पहिला दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, नेमका १४ फेब्रुवारीला आला. व्हॅलेंटाइन डे! नवऱ्यानं हॉटेलात टेबल बुक केलं होतं, ते कॅन्सल करून आम्ही घरी वरण-भात खाल्ला आणि हसत बसलो. आणि ईस्टर आला ३१ मार्चला. २००२ आणि २०१३ सालीही असंच झालं होतं. वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर येतो, त्याला बॅलन्सशीटचं काय सोयरसुतक! गुड फ्रायडे २९ला, मध्ये शनिवार, आणि ३१चा रविवार. त्या तिन्ही दिवशी देशभर इन्कम टॅक्सची ऑफिसंही उघडी ठेवली होती. आमचं काय घेऊन बसलात.

गुड फ्रायडेची मी भांडून रजा घेतली. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. खरं सांगते, चौथ्यापर्यंत डुलक्या लागतात. पंखे असतात पण मार्चचं ऊन आणि उपाशी पोट! त्या वर्षी मात्र पहिल्याच उद्गाराला, क्षमेच्या, माझी झोप उडाली. बोलणारे गृहस्थ फार भारी बोलत होते असं नाही. पण मी लहानपणापासून ती गोष्ट ऐकताना स्वतःला नेहमी खाली उभ्या राहून रडणाऱ्या बायकांमध्ये धरत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मी त्यांच्यात नव्हतेच. मी बघत उभ्या राहिलेल्या गर्दीत होते. बिस्किटांच्या प्लेटकडे बघत.

आणि मग डोंगरावरच्या प्रवचनातली ती अडचणीची गोष्ट आठवली. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि तिथं लक्षात आलं की भावाच्या मनात तुमच्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं येशू सांगतो. ईस्टरला प्रभुभोजन घ्यायचं होतं. म्हणजे माझ्या हातात बरोबर एक दिवस होता. डेडलाइनशिवाय आम्ही अकाउंट्सवाले हलत नाही, हे देवाला बरोबर माहीत!

तसंही बायबलमध्ये आमच्या डिपार्टमेंटचे लोक आहेत. बारा शिष्यांतला मत्तय जकात वसूल करणारा. झाडावर चढलेला बुटका जक्कय तर जकातदारांचा मुख्य. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, तेव्हा जक्कयनं काय केलं? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. मला ते नेहमी आवडतं, त्याला पश्चात्ताप झाला तोही आकड्यांत.

म्हणून शनिवारी सकाळी मी एटीएममधून बावीस हजार काढले, पाकिटात घातले आणि बऱ्याच महिन्यांनी त्या शॉर्टकटनं गेले. काका पत्र्याच्या शेडखाली वजनकाट्याशी बसले होते.

"काका, ती तारीख मी टाकली होती."

"माहितेय की मॅडम. बिलावर तुमचंच लॉगिन होतं."

मला वाटलं होतं मी काहीतरी उघड करतेय! "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"रजिस्टरात तर मीच लिहिलं ना? सांगितलं, लिहिलं. आणि माझं राहिलं होतं दीड वर्ष, तुमची तीस."

मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. थोडे चिडलेही. "हे ठेवा. पस्तीस वर्षांत माझा एक लेट मार्क नाही मॅडम. फायलीतला तो कागद तेवढा निघाला तर बघा."

पैसे दिले असते तर माझं काम दहा मिनिटांत झालं असतं. कागद काढायचा म्हणजे मला माझं नाव लिहून द्यावं लागणार होतं. खरं सांगू, त्या क्षणी मला त्यांचा रागच आला.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. "दोन बिलं आहेत. गाडी मंगळवारी येईल." मी म्हटलं, "सर, गाडी गेटबाहेर गेली की लगेच करते." ते हसले. मग म्हणाले, "हे बघ, उद्या सकाळी तुला सुट्टी हवी, मी दिली. आता तुझा धर्म तू ऑफिसात आणू नकोस." मी धर्माचं नावही काढलं नव्हतं! बाणेदार उत्तर सुचलं, पण ते रात्री, भांडी घासताना. तिथं मी फक्त "हो सर" म्हणून बाहेर आले. ती बिलं शेजारच्या डेस्कवरच्या मुलानं केली. तेव्हा माझ्या नकारानं कंपनीच्या हिशोबात एक रुपयाचाही फरक पडला नाही, हे नोंदवून ठेवते.

रात्री आईला फोन केला. मला वाटलं ती बायबलमधलं काही सांगेल, निवृत्त शिक्षिका आहे, संडे स्कूलही घेते. ती म्हणाली, "नोकरी गेली तर हप्ता कोण भरणार गं?" मग बराच वेळ गप्प. मग, "बरं. भाकरी आहे इथं." आमच्या आजीच्या कपाटात बायबलशेजारी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' असायचं. टिळक पती-पत्नींचा नगरशी जुना संबंध, म्हणून आमच्या घरी त्यांच्याबद्दल नात्यातल्यासारखं बोलतात. त्या पुस्तकातल्या धर्मांतराची चर्चा सगळे करतात. मला लक्षात राहिली ती घरात वाढलेली परक्यांची मुलं, आणि नवऱ्याच्या दानशूरपणापायी संसाराची तोंडमिळवणी करणाऱ्या लक्ष्मीबाई. आई त्याच वळणावर गेलीय.

ईस्टरला पहाटे पाचला गाणी म्हणत प्रभातफेरी, मग उपासना. प्रभुभोजनाच्या वेळी मी उठू की नको करत होते. उठले. काकांकडे जाऊन आले होते, पण काम अर्धंच झालं होतं. अर्ध्यावर देव चालवून घेतो का, हे पाळकसाहेबांना विचारायचं अजून राहिलंय. दहा वाजता मी ऑफिसात होते, केसात मोगरा तसाच.

मेल १ एप्रिलला करणार होते. एप्रिल फूल वाटेल असं स्वतःला सांगितलं. भीती होती, दुसरं काय. २ तारखेला केला, चार ओळी. बिलं मी केली, माल गेला नव्हता हे मला माहीत होतं, रजिस्टरातली नोंद त्याला जुळवण्यासाठी झाली, काकांचा मेमो परत घ्यावा. कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं नाही. त्यांनी विचारलं. मग सांगितलं.

पुढचं लवकर सांगते. मला वॉर्निंग लेटर, बावीस हजारांची वसुली, आणि प्रमोशनच्या यादीत त्या वर्षी नाव नाही. सरांना काही झालं नाही. ऑगस्टमध्ये काकांचा मेमो परत घेतला, अडलेलं इन्क्रिमेंट एरिअर्ससकट मिळालं. नोव्हेंबरमध्ये ते रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, चहाला या बाजूनंच येत जा." बस, एवढंच. मी पाहिजे तेवढी रडले, वॉशरूममध्ये जाऊन.

पण या सगळ्यात सगळ्यात अवघड प्रकरण कुठलं, तर सर. त्यांच्यासमोर रोज बसायचं. दोन महिने ते माझ्याशी मेलवर बोलले, सहा फुटांवरून! रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. मी खोटं बिल केलं तेव्हा झोप लागली होती, आणि खरं बोलल्यावर या माणसाच्या रागानं लागत नव्हती. काकांनी मला जितक्या सहज सोडून दिलं, तितकं मला सरांना सोडता येत नव्हतं. अजूनही पूर्ण जमलंय असं नाही.

डिसेंबरात नेहमीसारखा फराळाचा डबा आणला. सगळ्यांच्या टेबलांवर फिरवला. सरांच्या केबिनशी आले आणि एकदा पुढे जाऊन परत आले. आत गेले, डबा उघडला. त्यांनी करंजी उचलली, एक घास खाल्ला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा कामाव्यतिरिक्त काहीतरी बोलले.

"तुमच्यात सारणात खसखस घालतात?"

"घालतात सर," मी म्हटलं. "अजून एक घ्या."