विनामूल्य वाहिन्यांसाठी सक्षम डबा मिळालाच पाहिजे
मुक्त उपग्रह वाहिन्यांचे प्रेक्षक आणि छत्री बसवणारे मेकॅनिक यांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो

विषय : फ्री डिशच्या रिसिव्हरसाठी किमान क्षमता ठरवणे आणि ती खोक्यावर मराठीत छापणे सक्तीचे करण्याबाबत.

महोदय,

आम्ही डीडी फ्री डिश पाहणारे ग्राहक आहोत आणि त्यांच्या घरांवर छत्र्या बसवणारे मेकॅनिकही आहोत. बाजारात मिळणाऱ्या डब्याचा त्रास दोघांनाही होतो. ग्राहकाचे पैसे वाया जातात आणि मेकॅनिकवरचा विश्वास उडतो. म्हणून हे मागणीपत्र आम्ही एकत्र देत आहोत.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ही सेवा सुरू केली, तीच आजची फ्री डिश. महिन्याचे भाडे नाही, रिचार्ज नाही. छत्री, एलएनबी, केबल आणि डबा एकदा घेतला की झाले. आज देशातली चार कोटींहून अधिक घरे या सेवेवर आहेत. त्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्यासाठी खासगी वाहिन्या ई-लिलावात दरवर्षी शेकडो कोटी रुपये मोजतात. लिलावाला नियम आहेत, करार आहेत, मुदती आहेत. पण ज्या डब्यातून हे सगळे अखेर घरात उतरते, तो कसा असावा हे मात्र ग्राहकाला कोणी सांगत नाही. खासगी डीटीएच कंपनी स्वतःचा डबा देते आणि तो बिघडला तर तिचाच माणूस येतो. फ्री डिशचा डबा ग्राहकाने स्वतः निवडायचा असतो आणि चुकीचा निघाला तर दाद मागायला जागा नसते. सेट-टॉप बॉक्ससाठी मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी आहे, ती विजेच्या सुरक्षेची. डब्यावर नोंदणी क्रमांक दिसला म्हणून त्यावर कोणत्या वाहिन्या दिसतील हे कळत नाही.

त्यामुळे आमची पहिली आणि मुख्य मागणी ही आहे : फ्री डिशसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रिसिव्हरला किमान क्षमतेचे मानक लागू करावे आणि ते पाळले आहे की नाही, हे खोक्याच्या दर्शनी बाजूला, महाराष्ट्रात विकताना मराठीत छापलेले असावे. त्या मानकात डीव्हीबी-एस२ ग्रहण, एमपेग-२ आणि एमपेग-४ या दोन्ही प्रकारच्या चित्रांचे वाचन, एचडी चित्र, जुन्या टीव्हीसाठी तीन पिनांचे एव्ही आणि नव्यासाठी एचडीएमआय, एवढे तरी असलेच पाहिजे. निव्वळ एमपेग-२ वाचणारा डबा फ्री डिशच्या एमपेग-४ वाहिन्या दाखवूच शकत नाही. तो वाहिनी शोधतो, कधी नावही दाखवतो, पण पडदा काळाच राहतो. ग्राहकाला वाटते छत्री हलली. मेकॅनिक शिडी लावून वर चढतो, नट सैल करतो, पुन्हा आवळतो, आणि शेवटी ‘डबाच बदलावा लागेल’ हे सांगण्याची पाळी त्याच्यावर येते. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी स्वस्त डबा घेणारे बहुतेक घर मजुरी करणारे असते आणि त्याला दुसऱ्यांदा डबा घ्यावा लागतो. असे जुने डबे ‘फ्री डिश’ या नावाने विकण्यावर बंदी घालावी.

दुसरी मागणी आम्हाला सर्वात जिव्हाळ्याची आहे. डब्यात फ्रिक्वेन्सी, ध्रुवण आणि सिम्बॉल रेट हाताने भरता आले पाहिजेत, आणि हे काहीच ठाऊक नसलेल्या माणसासाठी ब्लाइंड स्कॅन, म्हणजे उपग्रहावर जे जे मोकळे आहे ते स्वतःहून शोधण्याची सोय, असली पाहिजे. ही हौशी लोकांची चैन नव्हे. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ वरून येते. उच्च शिक्षणाच्या ‘स्वयंप्रभा’ वाहिन्या जुलै २०१७ मध्ये सुरू झाल्या, त्याही याच उपग्रहावरून. तीच छत्री, तीच एलएनबी, तीच केबल. तरीही डब्यात फ्रिक्वेन्सी कारखान्यातूनच भरलेल्या असतील आणि मेनूला कुलूप असेल, तर त्या घरातल्या मुलीला तिच्या डोक्यावरून जाणारा मोफत वर्ग दिसत नाही. सरकारने वाहिनी चालवायची, उपग्रहाचा खर्च करायचा आणि ती हजार-बाराशे रुपयांच्या डब्याच्या मेनूत अडवली जायची, हे आम्हाला मान्य नाही.

टीव्ही हे शिक्षणाचे साधन आहे की नाही, याचा निकाल २०२० मध्येच लागला. शाळा बंद होत्या, मोबाइल घरात एकच आणि तोही वडिलांच्या खिशात. त्या जुलैत सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. वाडी-वस्तीवर ज्यांच्याकडे फ्री डिश होती त्यांची मुले पाटी-वही घेऊन टीव्हीपुढे बसली. अशा वेळी डब्यात दोन गोष्टी नसल्याने खूप नुकसान झाले. एक म्हणजे कार्यक्रमांचे खरे वेळापत्रक, दुसरी म्हणजे पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करण्याची सोय. ‘स्वयंप्रभा’वर दिवसाला किमान चार तासांचा नवा पाठ असतो आणि तो आणखी पाच वेळा पुन्हा दाखवतात. पण शेतात किंवा कामावर जाणाऱ्या विद्यार्थ्याला नेमका पाठ कोणत्या फेरीत सापडेल, हे वेळापत्रक नसेल तर कसे समजणार? म्हणून प्रत्येक वाहिनीसोबत किमान पुढील सात दिवसांचा तपशील प्रसारित करावा. डब्याने घड्याळ उपग्रहावरून आपोआप लावून घ्यावे, ठरावीक वेळी रेकॉर्डिंग सुरू करावे आणि ती फाइल दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर चालावी. यूएसबीचे तोंड बाहेर दिसते पण रेकॉर्डिंग बंद, असे डबे आम्ही रोज पाहतो.

सिग्नलच्या मीटरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मेकॅनिकचे निम्मे कष्ट इथेच जातात. आपल्याकडून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर आहे. पडद्यावर दोन पट्ट्या असतात : ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’. अनेक डब्यांत एलएनबीला वीज मिळाली की पहिली पट्टी भरते, छत्री उपग्रहाकडे असो वा शेजारच्या माडाकडे. घरातून ओरडून सांगतात, ‘भरला, भरला!’ आणि वरचा माणूस तिथेच नट आवळतो. चित्र येते दुसऱ्या पट्टीवर, आणि स्वस्त डब्यात ती एक तर शून्य असते किंवा एकदम सत्तर, मधले काहीच दाखवत नाही. उन्हाळ्यात असे काम चालून जाते. जूनमध्ये कोकणात पावसाची पहिली मोठी सर आली की केयू-बँडचा सिग्नल पातळ होतो आणि काठावर बसवलेल्या छत्रीचे चित्र तुकडे तुकडे होते. म्हणून मीटरने सिग्नल आणि गोंगाट यांचे प्रमाण डेसिबलच्या खऱ्या आकड्यात दाखवावे आणि ते वाढेल तसा आवाजाचा सूर चढता ठेवावा. वर चढलेल्या माणसाला खालच्या हाकेवर विसंबावे लागू नये. कौलांवर, पत्र्यांवर आमची माणसे पावसात जितकी कमी वेळ राहतील तितके बरे.

दर वर्षी एप्रिलमध्ये नव्या लिलावाप्रमाणे वाहिन्या बदलतात. काही जातात, काही नव्या येतात, क्रमांक सरकतात. त्या आठवड्यात आमचे फोन थांबत नाहीत. अनेक डबे नवी यादी स्वतःहून घेत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला ‘फॅक्टरी रीसेट’ करून सगळे पुन्हा शोधायला सांगणे योग्य नाही. यादी रात्रीतून आपोआप अद्ययावत व्हावी, घरच्यांनी लावलेला आवडीचा क्रम तसाच राहावा, सह्याद्रीसारख्या राज्याच्या वाहिनीचा क्रमांक कायम ठेवावा. वीज गेली आणि आली तरी डब्याने शेवटची वाहिनी आणि यादी विसरू नये. सौर दिव्यावर आणि बॅटरीवर चालणारी घरे डोंगरपट्ट्यात आजही आहेत. त्यांच्यासाठी १२ व्होल्टची थेट जोडणी सर्व डब्यांत असावी आणि केबलमध्ये पाणी शिरून शॉर्ट झाला तर डबा जळू नये इतके संरक्षण असावे.

मेनू मराठीत हवा. यावर युक्तिवाद करण्याची गरज आम्हाला वाटत नाही. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी टीव्ही कार्यक्रमांची सुगम्यता मानके मंत्रालयाने सप्टेंबर २०१९ मध्येच जाहीर केली आहेत. त्यामुळे उपशीर्षके चालू-बंद करण्याचे बटण रिमोटवर असणेही ओघाने येते. आकाशवाणीची केंद्रेही याच छत्रीवर मिळतात. ती ऐकताना टीव्ही बंद ठेवता यावा, निदान डब्यावर आवाजाची स्वतंत्र जोडणी असावी.

आता पुढचा विचार. जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये गेला आणि त्याचे आयुष्य १२ वर्षांचे धरलेले आहे. उपग्रह, फ्रिक्वेन्सी, चित्राची पद्धत यात बदल होणारच. आज विकला जाणारा डबा तो बदल झेलू शकला पाहिजे. त्यासाठी सॉफ्टवेअर उपग्रहावरून आणि पेनड्राइव्हवरूनही बदलता यावे. निर्मात्याने ते पाच वर्षे मोफत उपलब्ध ठेवावे. विनामूल्य वाहिन्यांना संकेतबद्ध कुलूप लावण्याची चर्चा अधूनमधून होते. तसा निर्णय घेतलाच, तर घरात असलेला डबा निरुपयोगी होणार नाही याची लेखी हमी आधी द्यावी.

टीव्हीतच उपग्रह ट्यूनर बसवण्यासाठी मानक ब्यूरोने आयएस १८११२ : २०२२ हे मानक काढले, त्याचे आम्ही स्वागत करतो. वेगळा डबा, वेगळा रिमोट, वेगळा अडॅप्टर या सगळ्यातून त्याने सुटका होऊ शकते. मात्र ते पाळणे सक्तीचे करावे, आणि हाताने फ्रिक्वेन्सी भरण्याची मोकळीक अशा टीव्हीतही असावी. नाही तर हेच कुलूप डब्यातून टीव्हीत जाईल आणि तिथून काढणे जास्त महाग पडेल. एकाहून जास्त छत्र्या एका डब्याला जोडण्यासाठी डायसेकची सोय, सी-बँडच्या एलएनबीची सेटिंग, याही गोष्टी मानकात घ्याव्यात. सहा-आठ फुटी जाळीच्या छत्रीवर बाकीचे मोकळे उपग्रह पाहणारे प्रेक्षक थोडे असले तरी ते आहेत, आणि या सोयींनी निर्मितीचा खर्च फारसा वाढत नाही.

शासन स्वतः डबे वाटते, तिथे तर सबब चालणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘बाइंड’ योजनेत २,५३९ कोटी रुपयांची तरतूद आहे आणि दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त व सीमाभागातील, तसेच आकांक्षित जिल्ह्यांतील घरांना आठ लाख सेट-टॉप बॉक्स मोफत देण्याचे त्यात नमूद आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव हे आकांक्षित जिल्हे आहेत. या जिल्ह्यांत कोणत्या क्षमतेचे किती डबे दिले, ते कोणत्या तालुक्यात गेले, बिघडल्यावर कुठे न्यायचे, ही माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. यापुढच्या कोणत्याही सरकारी खरेदीच्या निविदेत वर मागितलेले किमान मानक घालावे. गरिबाला मोफत द्यायचे म्हणून हलके द्यायचे, हे आम्ही स्वीकारणार नाही.

डब्याला दोन वर्षांची हमी असावी आणि रिमोट व अडॅप्टर सुटे मिळावेत. एक रिमोट न मिळाल्याने चालू डबा कचऱ्यात जातो, हे थांबले पाहिजे.

मानक येईपर्यंत आमच्या संघटनेचे सदस्य निव्वळ एमपेग-२ चा आणि मेनूला कुलूप असलेला डबा कोणत्याही घरी बसवणार नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. ग्राहकांनाही विनंती आहे की, दुकानात डबा लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मेनूत जाऊन एक फ्रिक्वेन्सी स्वतः भरून बघा, एक एचडी वाहिनी उघडा, पेनड्राइव्ह लावा, मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू करा आणि पक्के बिल घ्या.

पुढील ई-लिलावाची जाहिरात निघण्याआधी मंत्रालय, प्रसार भारती आणि मानक ब्यूरो यांनी प्रेक्षक, मेकॅनिक व निर्माते यांची एकत्र बैठक बोलवावी आणि मानकाचा मसुदा मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत हरकतींसाठी प्रसिद्ध करावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सदस्य