अंतर आषाढात मोजा

वाचकहो, तुमच्या वाडीपासून मराठी शाळा किती लांब आहे? हा प्रश्न मे महिन्यात कुणालाही विचारा. उत्तर मिळेल, 'ही काय हयसरच, पाच मिन्टात पोचशात.' सुकलेल्या मळ्यातून तिरपे सुटायचे, व्हाळाच्या कोरड्या दगडांवरून पलीकडे व्हायचे आणि घाटी चढली की शाळेचा गडगा. हाच प्रश्न आषाढात विचारा. तोच माणूस आभाळाकडे बघत सांगेल, 'व्हाळाक पाणी नसात तर अर्धो तास. पाणी इला तर शाळा नाय.'

दोन्ही उत्तरे खरी आहेत. वाडी तीच, शाळा तीच, चालणारे पोरही तेच. बदलते ती मधली वाट. पण सरकारदरबारी शाळेचे जे अंतर लिहिले जाते ते मे महिन्याचे असते. मालवण तालुक्यातल्या वाडीवाडीवरच्या शाळांचे भवितव्य ज्या आकड्यांवर ठरू पाहते आहे, त्यातला एक आकडा हा. म्हणून त्याबद्दल आज चार शब्द.

आपल्याकडे शाळा उघडते जूनच्या मध्यावर, म्हणजे नेमका मिरगाचा पाऊस बसतो तेव्हा. जांभ्याच्या चिऱ्यांची इमारत, वर नळ्याची किंवा मंगलोरी कौले, पावसाच्या अंगाला झावळ्यांचे विणलेले झाप बांधलेले. पडवीत ओल्या छत्र्या उलट्या करून ठेवलेल्या आणि त्यांच्याखाली पाण्याचे ओहोळ. आंघोळीचे पाणी तापवायच्या चुलीच्या धगीवर सुकवलेला गणवेश घालून मूल वर्गात येते, तेव्हा त्याच्या सदऱ्याला धुराचा वास असतो. कौलांवर सर कोसळू लागली की गुरुजींचा आवाज मागच्या पोरांपर्यंत पोचत नाही. मग पाढे मोठ्याने म्हणायचे किंवा सर जाईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहायचे. तुमच्या-माझ्या पिढीने हे केले, आजची मुलेही हेच करतात.

आणि खिडकीबाहेर बघण्यात काय कमी शिक्षण आहे? पहिल्या पुरात मासे चढणीला लागतात, ते का, हे व्हाळाच्या काठावरच्या पोराला पुस्तकाआधी कळते. मेरेच्या बिळात कुर्ली कुठे बसते, टाकळा कोवळा असताना कुठला खुडायचा, कुर्डू कुठला, अळंबी कुठली खायची आणि कुठल्या अळंबीला हात लावायचा नाही, हे सगळे शाळेच्या वाटेवर शिकून होते. श्रावणात गडग्यावर तेरडा फुलतो. चवथ जवळ आली की माटवीला बांधायची हरणे, कवंडळे कुठे मिळतील याचा पत्ता मोठ्या माणसांआधी पोरांना ठाऊक असतो. मन लावून शिकवणारे गुरुजी किंवा बाई असतील तर या वाटेवरूनच परिसर अभ्यास उभा राहतो. एक सरळ तोंडाची बाटली आणि एक पट्टी एवढ्या सामानावर मुले रोजचा पाऊस मोजू शकतात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात याहून सोपा प्रयोग कुठला?

पण याच वाटेची दुसरी बाजू आहे. पाणंदीत दोन्ही अंगांनी गवत माजते आणि त्यात फुरसे असते. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. शिवाय व्हाळ आहेच. व्हाळाचे पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसाला विचारून चढत नाही. गडनदीचे घ्या. ती सह्याद्रीत उगम पावते, कणकवली तालुक्यातून खाली येते आणि मसुरे, बांदिवडे करीत कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. वर घाटात रात्रभर कोसळला आणि इकडे खाली नुसती भुरभुर असली तरी सकाळी पाणी मळ्यात शिरलेले असते. त्यात अमावास्या-पुनवेचे उधाण असले तर खाडी ते पाणी पोटात घेत नाही. भरती ओसरेपर्यंत ते मागे तुंबून राहते. नदीला जे होते तेच तिला मिळणाऱ्या प्रत्येक व्हाळाला होते. सकाळी सात वाजता पाऊल बुडेल एवढे पाणी असलेला व्हाळ शाळा सुटायच्या वेळी पोराच्या कमरेला लागतो. जाताना शाळा 'हयसर' होती, येताना घर पलीकडे राहिले. ही गोष्ट कुठल्या नकाशावर दिसणार?

कुणी म्हणेल, पालकांनी मुलांना पोचवावे. बरोबर आहे. पण आषाढात पालक कुठे असतात? तरवा काढून लावणी चाललेली असते. माणूस मिळत नाही, म्हणून घरातले म्हातारे-कोतारेही चिखलात उतरलेले असतात. जोत भाड्याने आणलेले, नाहीतर पॉवर टिलरची पाळी लागलेली. ती सोडून सकाळ-संध्याकाळ दोन दोन तास मुलाला आणायला-न्यायला कोण जाणार? किनाऱ्यावरच्या रापणकरांच्या आणि ट्रॉलरवाल्यांच्या वाड्यांत वेगळी तऱ्हा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, बाप घरी जाळी विणत बसलेला. तो पोराला पोचवील, पण त्याच दोन महिन्यांत त्याच्या हाती पैसा नसतो, रिक्षाला द्यायचे कुठून? तळाशील, देवबागसारख्या पट्ट्यावर एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. तिथे वाऱ्यात छत्री उघडी ठेवणेदेखील पोरांना जमत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. राज्यात एकूण माणसे वाढली, आपल्याकडे घटली. मुंबईची वाट धरणारा चाकरमानी नवा नाही, पण आता तो बायका-पोरांसह जातो. साहजिकच शाळांचे पट उतरले. कुठे पंधरा, कुठे नऊ, कुठे सहा. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या राज्यातल्या सुमारे तेराशे शाळा दुसरीकडे हलवायचा निर्णय झाला. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्यासाठी शिक्षण विभागाने प्रस्ताव मागवले. नंदुरबारचे तोरणमाळ आणि पुण्याकडचे पानशेत हे नमुने म्हणून पुढे ठेवले गेले. वीसपेक्षा कमी पटाच्या अशा शाळा तेव्हा राज्यात १४ हजार ७८३ होत्या. ज्या जिल्ह्यात माणसेच कमी होत चालली, तिथे या मोजपट्टीखाली किती शाळा येतील याचा अंदाज तुम्हीच करा.

समूह शाळेची कल्पना सरसकट वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. सहा पोरांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळणार, माहिती भरणार, पोषण आहाराचा हिशेब ठेवणार आणि मधल्या वेळेत शिकवणार. चौथीच्या वर्गात एकटीच मुलगी असेल तर तिने कुणाशी स्पर्धा करायची आणि भांडायचे तरी कुणाशी? मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, प्रयोगाचे सामान असेल, विषयाला शिक्षक असेल. या गोष्टी आपल्या मुलांनाही मिळायला हव्यात, हे नाकारून चालणार नाही.

प्रश्न आहे तो तिथपर्यंत पोचण्याचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, हे त्याच्या नियमांत आले. हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याच्या पुढचे वाक्य मात्र फारसे कुणी वाचत नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमांत असेही म्हटले आहे की जिथे भूभाग अवघड आहे, पुराचा किंवा दरड कोसळण्याचा धोका आहे, रस्ता नाही, थोडक्यात घरापासून शाळेपर्यंत जाताना लहान मुलांना धोका आहे, तिथे ही अंतराची मर्यादा कमी करून शाळा अशा जागी ठेवावी की तो धोका टळेल. म्हणजे एक किलोमीटर ही सपाट मुलखासाठीची मर्यादा झाली. व्हाळापलीकडच्या वाडीसाठी ती याहून कमीच असायला हवी. वाडीची शाळा मागताना आपण कुणाकडे मेहरबानी मागत नाही, नियमात लिहिलेले तेवढेच मागतो.

समूह शाळेसाठी गाडी देऊ, वाहतूक भत्ता देऊ, असे सांगितले जाते. गाडी डांबरी रस्त्यावर येऊन थांबेल. वाडीपासून त्या रस्त्यापर्यंतचे काय? पाणंदीतून गाडी जात नाही आणि भत्त्याच्या पैशाने व्हाळ ओलांडता येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात. त्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत स्वतःहून दखल घेतली. पोरींच्या जिद्दीचे कौतुक सगळ्यांनी केले. पण शाळेला जायला जिद्द लागू नये, हेच तर त्या प्रकरणाने सांगितले.

मग करायचे काय? आमच्या मते चार गोष्टी करता येतील आणि त्यातल्या एकीलाही मोठा खर्च नाही.

पहिली गोष्ट, अंतर आषाढात मोजावे. शाळा बंद करण्याचा किंवा हलवण्याचा विचार असेल तर केंद्रप्रमुख, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे पालक यांनी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वाडीपासून नव्या शाळेपर्यंत पायी चालावे. बरोबर दुसरीतले एक मूल घ्यावे. किती वेळ लागला, कुठे पाणी होते, कुठे हात धरावा लागला, ते लिहावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, हे कायद्यानेच ठरवले आहे. तेव्हा हे काम कुणी परक्याने येऊन करायचे नाही, ते तुमचेच आहे.

दुसरी गोष्ट साकवांची. दर वर्षी गावकरी माडाचे खोड आडवे टाकून किंवा बांबू बांधून साकव घालतात आणि एखाद्या पुरात तो वाहून जातो. मुलांच्या वाटेवरचे साकव जिल्हा वार्षिक योजनेत आधी घ्यावेत, त्यांना दोन्ही अंगांनी कठडे हवेत, आणि मे संपण्यापूर्वी ते तपासले जावेत. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जीव गेले. पादचारी पूल आहे म्हणून तो दुर्लक्षित राहिला तर काय होते ते राज्याने पाहिले.

तिसरी गोष्ट, पावसाच्या दिवसाचा निर्णय गावात व्हावा. रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात आणि ते योग्यच आहे. पण अलर्ट सगळ्या जिल्ह्याला एकच असतो. व्हाळ मात्र ज्याचा त्याचा वेगळा. पाणी चढते आहे असे दिसले तर मुलांना लवकर सोडण्याचा किंवा शाळेतच थांबवून ठेवण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना लेखी असावा. कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला २०० कामाचे दिवस सांगितले आहेत. बुडालेले दिवस हिवाळ्यात भरून काढायला जागा भरपूर आहे. आपल्याकडच्या शाळा चवथीला वेगळी सुट्टी देतातच ना? गावाच्या चालीने शाळेला चालता येते, याचा हा रोजचा पुरावा आहे.

चौथी गोष्ट, वाडीची शाळा आणि मोठी शाळा यांत एकच निवडायची, हा हट्ट सोडावा. पावसाळ्यात मुले वाडीच्या शाळेत शिकोत. नोव्हेंबर ते एप्रिल व्हाळ सुकलेला असतो. तेव्हा आठवड्यातून एक-दोन दिवस आजूबाजूच्या तीन-चार शाळांनी केंद्रशाळेत एकत्र यावे. खेळ, वाचन, प्रयोग, गाणी तिथे व्हावीत. चौथीतल्या त्या एकट्या मुलीला मैत्रिणी मिळतील आणि तिच्या वाडीचे कौलारू घरही शाळा म्हणून जिवंत राहील. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो आणि आपण पेढे वाटतो. त्या मुलांतल्या कितीतरी जणांनी पहिली अक्षरे अशाच वाडीच्या शाळेत गिरवली, हे पेढा खाताना आठवावे.

एक गोष्ट आपल्यालाही सांगायला हवी. शाळा वाचवा म्हणून निवेदने देणारे आपणच आपली मुले पिवळ्या गाडीत बसवून इंग्रजी माध्यमाला पाठवतो. पट उतरण्याचे सगळे खापर मुंबईवर आणि सरकारवर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या घराला शक्य आहे त्याने वाडीच्या शाळेत मूल घातले तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

आणि जिल्हा परिषदेत बसून शाळांच्या याद्या करणाऱ्यांना एवढेच सांगणे. ओरसच्या कचेरीतून वाडीवरच्या शाळेला या, पण मे महिन्यात येऊ नका. लावणीच्या दिवसांत या, गाडी डांबरी रस्त्यावर ठेवा आणि पोरांबरोबर चाला. व्हाळाशी पोचलात की काठावर उभे राहून पाण्याकडे बघा. मग तुम्हीच सांगा, शाळा किती लांब आहे?