पत्रिकेत मृदंगवाल्याचं नाव, मग गाण्यात पियानोवाल्याचं का नाही?

आमच्या मुठा खोऱ्यात कुठल्याही गावच्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका हातात घ्या. कीर्तनकार ठळक असतातच, पण खाली मृदंगमणी, हार्मोनियमवाले, विणेकरी, चोपदार, अन्नदाते, मंडपवाले, सगळ्यांची नावं असतात. एखादं राहिलं तर आठवडाभर रुसवेफुगवे चालतात.

आता 'मिले सुर मेरा तुम्हारा' आठवा. १९८८ साली दूरदर्शनवर आलं. सुरुवातीला पं. भीमसेन जोशी, चाल आपल्या अशोक पत्कींची. आणि वाद्यमेळाची बांधणी? लुई बँक्स यांची. हे किती जणांना माहीत होतं?

बँक्स मूळचे जॅझ पियानोवादक. जन्म १९४१, दार्जिलिंगचा, वडील ट्रम्पेट वाजवायचे. कलकत्त्यात पार्क स्ट्रीटच्या 'ब्लू फॉक्स'मध्ये वाजवत असताना आर. डी. बर्मननी ऐकलं आणि मुंबईला बोलावलं. मग स्टुडिओत सिनेमाची गाणी, जाहिरातींच्या जिंगल्स, आणि जोडीला आयुष्यभर जॅझ. एकच माणूस, पण समोर येईल ते वाजवणार.

त्यांचं नाव निदान जाणकारांना तरी ठाऊक आहे. त्यांच्या आधीच्या गोवेकरांचं काय? शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबास्टियन डिसूझा, सी. रामचंद्रांकडे ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर झालं ते १९७७ च्या सिनेमातल्या पात्रामुळे. खरे अँथनी गोन्साल्विस म्हणजे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू!

कोणी म्हणेल, पैसे मिळाले ना, मग नावाचं काय घेऊन बसलात? इथेच तर मेख आहे.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गाण्याच्या व्यावसायिक वापरावर गायक-वादकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. पण व्याख्येतच पाचर मारून ठेवली: सिनेमातलं ज्याचं काम प्रासंगिक, आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो 'कलाकार' धरायचा नाही. आपल्या वादनाची कोणी मोडतोड केली तर हरकत घ्यायची, एवढंच त्याच्या हातात उरतं.

म्हणजे आधी नाव द्यायचं नाही, आणि मग नाव नाही म्हणून हक्कही नाही म्हणायला वाट मोकळी. 'माझं काम प्रासंगिक नव्हतं हो' हे सिद्ध करायला कुठला व्हायोलिनवाला कोर्टाची पायरी चढणार? नाव हा मानपानाचा विषय नाही, तो पोटापाण्याचा पुरावा आहे.

मागणी साधी आहे. मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देतं, म्हणजे तुमचे-आमचेच पैसे. त्या अटींमध्ये एक ओळ घाला: गाण्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव श्रेयनामावलीत हवं. गाण्यांच्या ॲपवाल्यांनीही तेच करावं. मोबाईलच्या पडद्यावर चार ओळी वाढल्या तर कोणाचं काय जातंय?

वर्गणीतून छापलेली गावची पत्रिका विणेकऱ्याला विसरत नाही. कोटींच्या धंद्याला एवढंही जमू नये?

पटलं तर पुढे पाठवा. आणि आज एखादं आवडतं गाणं ऐकताना वाजवणारा कोण होता, तेवढं शोधून बघा.