कवच पाहणाऱ्यांचे काम

‘थॅलॅसिओसायरा स्यूडोनाना’ हा समुद्रातला डायटम चार-पाच मायक्रॉनचा. डायटम म्हणजे काचेच्या कवचात राहणारे एकपेशीय शैवाल. 2004 मध्ये ‘सायन्स’मध्ये याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, आणि तो कुठल्याही डायटमचा पहिला होता. 24 गुणसूत्रे, सुमारे 3 कोटी 40 लाख बेसजोड्या. 2015 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतल्या संशोधकांनी त्याच्या जनुकांत फेरफार करून कवचावर एक जादा प्रथिन बसवले आणि त्या कवचातून कर्करोगाचे औषध उंदरांच्या गाठींपर्यंत पोचवले. या कामाचे कौतुक झाले आणि ते रास्तच आहे. मात्र ज्या जिवावर हे सगळे चालले आहे तो नेमका कोण, हे ठरवणारे काम वेगळ्याच माणसांनी केले. ते समजण्यासाठी आधी ते कवच नीट पाहायला हवे.

कुंकवाच्या करंड्यासारखे ते दोन भागांचे असते. किंचित मोठे झाकण, किंचित लहान तळ आणि कडेने दोघांना धरून ठेवणाऱ्या सिलिकाच्या पातळ पट्ट्या. झाकणाच्या मध्यापासून काठाकडे बारीक, फाटे फुटलेल्या फासळ्या जातात. फासळ्यांच्या मधल्या जागेत खळगे असतात आणि खळग्यांत चाळणीसारखी भोके. पाण्यात सिलिका कमी असेल तर कवच इतके विरळ बनते की नुसत्या फासळ्याच दिसतात. भरपूर असेल तर खळग्यांची जाळी भरून येते. त्यामुळे एकच कवच पाहून जात सांगणे धोक्याचे. शेकडो पाहावी लागतात.

खरी ओळख काठावर आहे. तिथे भिंतीला आरपार भेदून जाणाऱ्या आखूड नळ्यांचे कडे असते. प्रत्येक नळीच्या बुंध्याशी, आतल्या बाजूने, लहान उपछिद्रे असतात. या नळ्यांतून कायटिनचे तंतू बाहेर पडतात, तेच कायटिन जे कोळंबीच्या कवचातही असते. कड्यातच एक जागा निराळी असते. तिथे नळीऐवजी आतून ओठासारखी चीर दिसते, आणि ती एका झाकणावर एकच. मध्याजवळ आणखी एक नळी कधी असते, कधी नसते. हे सारे बांधकाम पेशी आपल्या आतल्या एका पिशवीत, विशिष्ट प्रथिने आणि अमाइनांच्या मदतीने, समुद्राच्या पाण्याच्या तापमानाला करते. काच बनवायला आपल्याला भट्टी लागते. या जिवाला लागत नाही. पदार्थविज्ञानातली मंडळी त्याच्यामागे लागली ती यासाठीच.

साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून 200 नॅनोमीटरच्या खालचे तपशील वेगळे दिसत नाहीत, आणि इथली भोके त्याहून कितीतरी बारीक. ही अडचण असूनही 1957 मध्ये फ्रीडरिष हुस्टेट यांनी वेसर नदीच्या परिसरातल्या डायटमांचा अभ्यास करताना ही जात वेगळी काढली आणि तिला ‘सायक्लोटेला नाना’ म्हटले. हुस्टेट मूळचे ब्रेमेनचे शाळामास्तर. पुढल्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्ट गिलार्ड यांनी लाँग आयलंडच्या मोरिचेस उपसागरातून ही जात मिळवून प्रयोगशाळेत वाढवली. पुढे जनुकवाचन झाले ते याच वाणाचे. मग 1970 मध्ये नॉर्वेच्या ग्रेथे हासले आणि बेरिट हाइम्दाल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीची घडण आणि नळ्यांची मांडणी तपासली आणि ही जात थॅलॅसिओसायरा प्रजातीत नेली.

2011 मध्ये प्रकरण पुन्हा उघडले. अनेक जातींची जनुके ताडून पाहता दिसले की हा जीव सायक्लोटेलाच्याच घरातला असावा आणि त्याचा पूर्वज गोड्या पाण्यातला असावा. हुस्टेटचे नाव परत चर्चेत आले. फरक केवळ नावाचा नाही. समुद्री डायटमांचा नमुना म्हणून जो जनुकसंच जग वाचत होते तो गोड्या पाण्यातून समुद्रात उतरलेल्या कुळाचा निघाला, तर त्यावरून काढलेल्या निष्कर्षांचा पुन्हा विचार करणे आले.

आता जनुके आहेत, कवच कशाला पाहायचे, असे काही जण यावर म्हणतील. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की 2011 च्या तुलनेतली प्रत्येक जात आधी कुणीतरी कवच पाहून ओळखलेली होती. ती ओळख चुकली असती तर जनुकांची तुलना बिनचूक करूनही उत्तर चुकले असते. जनुकांनी हासले-हाइम्दाल यांचा निर्णय बदलला असेल, पण त्यांनी नोंदवलेली एकही नळी खोटी ठरली नाही. निर्णय बदलतात, नीट केलेले निरीक्षण वापरात राहते.

वर्गीकरण जाणणाऱ्यांची वाण ही जैवविविधतेच्या रक्षणातली अडचण आहे, हे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी 1998 मध्येच मान्य केले आणि त्यासाठी जागतिक उपक्रमही सुरू केला. आपल्याकडे हे काम झालेच नाही असे नाही. एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर परिसरातले गोड्या पाण्यातले डायटम 1950 च्या दशकात नोंदवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पश्चिम घाटातल्या डायटमांवर आजही काम चालते. कोकणच्या खाड्यांत गोडे आणि खारे पाणी भरती-ओहोटीबरोबर रोज मिसळते. या जिवाचा वाद ज्या सीमेवरचा आहे ती सीमा आपल्या दारात आहे.

तेव्हा विद्यापीठांकडे आमचे मागणे साधे आहे. एखाद्या विद्यार्थिनीने रत्नागिरीच्या खाडीतली एकच जात घेऊन तिच्या कवचाच्या फासळ्या, खळगे आणि नळ्या मोजून, रेखाटून, नमुना जतन करून प्रबंध लिहिला, तर ‘हे नुसते वर्णन आहे’ असा शेरा मारून तो परत पाठवू नये. तिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर हवा तेवढा वेळ द्यावा आणि नंतर याच कामाची नोकरीही द्यावी.