शेतकऱ्याने वेल्डिंग शिकावे

१९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गावाच्या गरजा गावच्या हातांनी भागाव्यात, हा त्यामागील विचार होता. आज शेतीची औजारे बहुतांशी लोखंडी झाली आहेत. परंतु ऐन डवरणीत डवऱ्याचा सांधा तुटला, तर शेतकऱ्यास तालुक्याचे गाव गाठावे लागते आणि तोवर वाफसा निघून जातो. म्हणून गावोगावी निदान एका-दोघांनी हे काम शिकणे इष्ट होय.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. तेवढी सवड नसणाऱ्याने अनुभवी कारागिराच्या देखरेखीखाली हात बसवावा. एक-फेज विजेवर चालणारे २०० अँपिअरचे इन्व्हर्टर यंत्र घरगुती कामास पुरेसे असते. २.५ मिलिमीटरचा रॉड साधारणतः ६० ते ९० अँपिअरवर चालतो. पावसाळ्यात रॉड कोरडे ठेवावेत. प्रथम साध्या लोखंडी पट्टीवर सराव करावा. बिडाचे भाग व ट्रॉलीची जोडणी नवशिक्याने हाती घेऊ नये.

काटकसर करावयाची तर यंत्रात करावी, संरक्षणात नव्हे. १० वा ११ क्रमांकाच्या काचेचा मुखवटा, चामडी हातमोजे व जाड सुती कपडे आधी घ्यावेत. जस्ताच्या पत्र्याचा धूर अपायकारक असतो.

हा जिल्हा कापसाचा आहे. घरात साठविलेल्या कापसात पडलेली ठिणगी तासन् तास धुमसत राहते. यास्तव हे काम घराबाहेर, कापूस व कडब्यापासून दूरच करावे. हंगामाची कमाई एका ठिणगीत जाऊ नये, ही गोष्ट ग्रामकार्यकर्त्यांनी सर्वप्रथम शिकवावी.