आक्षेपाची रीत

शालेय पुस्तकातील मजकुरावर आक्षेप घेण्याचा अधिकार पालकांना आणि समाजाला असलाच पाहिजे, याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. ज्यांचा इतिहास दीर्घकाळ इतरांनीच लिहिला, त्यांनी प्रत्येक पान पारखून घ्यावे यात वावगे काही नाही. प्रश्न आहे तो आक्षेपानंतर काय घडावे, हा. २०१२ साली जे घडले, ते आंबेडकरी पालकांनी व शिक्षकांनी पुन्हा एकदा शांतपणे तपासावे असे आम्हांला वाटते.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे व्यंगचित्र होते. संविधानरूपी गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले, हाती चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हाती चाबूक. पुस्तक २००६ पासून वर्गात होते. ११ मे २०१२ रोजी संसदेत गदारोळ झाला आणि त्याच दिवशी मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिलगिरी व्यक्त करून ते मागे घेत असल्याचे जाहीर केले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, तीही बाबासाहेबांचे नाव घेऊन. डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली ती यानंतर. निकाल आधी, सुनावणी मागाहून!

लोकांचे दुखावणे खोटे होते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. चाबूक आमच्या आजोबा-पणजोबांना केवळ चित्रातून ठाऊक नव्हता. चाळीस मुलांच्या वर्गात आमचा एकच मुलगा असेल आणि ते पान उघडताच मागच्या बाकावर खसखस पिकली, तर व्यंगचित्रकाराचा हेतू काय होता हे त्याला कोण समजावणार? पुस्तक घडवणाऱ्या विद्वानांनी हा वर्ग डोळ्यांपुढे आणायला हवा होता.

परंतु चित्राजवळचा प्रश्न आंदोलकांपैकी किती जणांनी वाचला होता? संविधान तयार व्हायला एवढा काळ का लागला असावा, असे तिथे विद्यार्थ्याला विचारले होते. त्याचे उत्तर खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिलेले आहे. दोन वर्षे, अकरा महिने, सतरा दिवस. अमेरिकेने चार महिन्यांत काम उरकले हे खरे, पण तिथे कलमे अवघी सात. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली होती. आपली कलमे ३९५ आणि सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या दुरुस्त्या २,४७३. एवढे आकडे हाती घेऊन सोळा वर्षांच्या मुलीने उभे राहून त्या चित्राला उत्तर दिले असते, तर मागच्या बाकावरचे हसू आपोआप थांबले असते. इतिहासाच्या शिक्षकाला याहून अधिक काय हवे? चित्राबरोबर ती संधीही गेली.

आमच्या पिढीला दुसरी बाजूही ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा खंड प्रसिद्ध केला तेव्हा भावना इतरांच्या दुखावल्या होत्या. प्रती जाळल्या गेल्या. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत निघालेल्या विराट मोर्चाची मागणी बाबासाहेबांचा शब्दही वगळू नये, ही होती. अखेर त्यातील मतांशी शासन सहमत आहेच असे नाही, अशी टीप घालून ग्रंथ अबाधित राहिला. ती टीप आम्हांला आजही खुपते. पण ग्रंथ कपाटात आहे.

याच सल्लागारांच्या देखरेखीखाली २००७ मध्ये बारावीचे पुस्तक तयार झाले. त्यात जनआंदोलनांवर स्वतंत्र प्रकरण होते. दलित पँथर तिथे होती, नामदेव ढसाळांची कविताही होती. मुंबईच्या वस्त्यांतला तो आवाज देशभरच्या वर्गांत पोहोचला होता. अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली २०२२ मध्ये ते अख्खे प्रकरण वगळले गेले. पळशीकर व यादव यांनी पुढच्या वर्षी त्या पुस्तकांवरून आपली नावे काढण्याची मागणी केली. संसद मात्र बंद पडली नाही, आमच्या वस्त्यांतून मोर्चाही निघाला नाही. कोणी वाचले, कोणी ठरवले, कारण काय, हे विचारण्याची रीत दहा वर्षांपूर्वीच मोडीत निघाली होती.

म्हणून निदान कालामसुत्त सांगणाऱ्या संस्थांनी तरी ती रीत आपल्या दारात पाळावी. आक्षेप लेखी घ्यावा, आणि तो घेणाऱ्याने पान नव्हे, पूर्ण पाठ वाचलेला असावा. विषयशिक्षकांनी, पालकांनी व वस्तीतील एक-दोन जाणत्यांनी एकत्र बसून तो तपासावा. तोवर पुस्तक वर्गातच राहावे. उत्तर द्यायचे ते कारणांसह आणि लेखीच. समजुतीची टीप किंवा शेजारी दुसरा उतारा देऊन भागत असेल, तर कात्री हाती घेऊ नये. दुखावलेल्या मुलाकडे त्याच दिवशी लक्ष द्यावे. त्यासाठी समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. निवासी शाळेत तर तो मुलगा रात्रीच्या जेवणालाही आपल्याच पंगतीत असतो.

ज्या माजी विद्यार्थ्यांची मुले २०२२ पूर्वी सीबीएसई शाळांतून बारावी झाली, त्यांच्या माळ्यावर राज्यशास्त्राचे ते जुने पुस्तक कदाचित पडलेले असेल. रद्दीत घालण्यापूर्वी ते शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवावे. समासात शाईने लिहिलेले असले तरी चालेल.