लॉज कुणाच्या जमिनीवर आहे?



तुम्ही म्हणाल, ही होटगीची पोरगी, जिच्या गावाकडं सावलीला झाड शोधत फिरावं लागतं, ती आपल्याला जंगलाचं काय सांगणार? आणि तेही आफ्रिकेतल्या जंगलाचं! पण विषय तुमच्याच दारातला आहे. मोटरसायकलवरून येऊन "तलावाकडेची जागा कुणाची, देता का" असं विचारणारा माणूस तुमच्यातल्या बऱ्याच गावांनी पाहिलाय. त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलं.

झालं असं. मला बारावीला शिकवलेल्या एक बाई सोलापुरात राहतात. आता रिटायर आहेत. त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी पेन्शनमधले पैसे साठवून केनिया-टांझानियाच्या सफारीला निघाल्यात. त्यांनी मला बोलावलं, पुढ्यात तीन टूरवाल्यांची पत्रकं टाकली आणि म्हणाल्या, "तू पारध्याची पोर. जनावरांचं तुला कळतं. यातलं कुठलं लॉज धरू आणि गाईड कसा बघू, ते सांग."

मला आधी हसूच आलं. पारध्याची पोर म्हटलं की आजवर लोकांनी खिसे चाचपलेत. सल्ला कुणी पहिल्यांदाच मागितला.

पत्रकं वाचली. तिन्हीत सिंह होता, पोहायचा हौद होता, "शुद्ध शाकाहारी व जैन भोजनाची सोय" होती. "अनुभवी गाईड" असं लिहिलं होतं, पण तो कुठला, कोण, काही नाही. आणि खाली बारीक अक्षरात "मसाई आदिवासी गावाला भेट, शुल्क वेगळे". गावाचं नाव नाही. लॉज कुणाच्या जमिनीवर उभं आहे, हे तर कुणालाच सांगावंसं वाटलं नव्हतं. मी बाईंना म्हटलं, मला आठ दिवस द्या.

आठ दिवसांत फोनवर वाचून आणि संघटनेतल्या जाणत्या माणसांना विचारून जे कळलं ते असं.

केनियात मसाई मारा म्हणून जे राखीव जंगल आहे, ते नारोक काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारच्या ताब्यात आहे. तिथं लॉजेस खूप, गाड्या खूप. जुलै ते ऑक्टोबर हरणांसारखी दिसणारी विल्डबीस्ट लाखोंनी नदी ओलांडतात, तेव्हा नदीकाठी जनावरांपेक्षा गाड्याच जास्त की काय असं फोटोत दिसतं. पण या राखीव जंगलाला लागून दुसऱ्या जागा आहेत. त्यांना कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. ओल किनयेई, नाबोइशो अशी त्यांची नावं. ही जमीन मसाई लोकांच्या मालकीची आहे. शेकडो मसाई कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र करून लॉजवाल्यांना भाड्यानं दिलेत. पर्यटक आला काय, नाही आला काय, ठरलेलं भाडं खात्यावर यायला पाहिजे असा करार. किती खोल्या बांधायच्या, किती गाड्या फिरवायच्या, यालाही मर्यादा. राखीव जंगलात पर्यटकाला पायी फिरता येत नाही, रात्री गाडी काढता येत नाही. इथं दोन्ही चालतं, मसाई गाईड बरोबर असतो.

हे वाचून मला आधी वाटलं, झालं, हेच आपल्याला पाहिजे. मग पुढचं वाचलं. भाड्यानं दिलेल्या जागेवरून त्या कुटुंबांना आपली घरं हलवावी लागली, गुरं लॉजवाले ठरवतील तेव्हा आणि तिथंच चारायची. जमीन पूर्वी सामाईक होती, नंतर माणशी तुकडे पाडले, आणि कागद झाले ते बहुतेक पुरुषांच्या नावानं. म्हणजे भाडं पुरुषाच्या खात्यात. बाई घर हलवणार, लांबून पाणी आणणार, तिच्या खात्यात काही नाही. २०२० साली कोरोनात पर्यटक बंद झाले तेव्हा भाडंही कापलं गेलं, करार असूनसुद्धा. तरी मी म्हणेन, मालकाला भाडं कापलं म्हणून भांडता तरी येतं. ज्याची जमीनच गेली तो काय घेऊन भांडणार?

टांझानियातल्या मसाईंचं तसंच झालंय. सेरेंगेटी १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १९५९ साली, इंग्रजांच्या राज्यात, मसाईंना तिथून उठवलं आणि शेजारच्या न्गोरोंगोरोत तुम्ही राहा, गुरं चारा असा शब्द दिला. पुढं तिथं शेती करायला बंदी आली. आणि २०२२ साली जून महिन्यात त्याच भागातल्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर चराईच्या जमिनीभोवती सरकारनं हद्दीच्या खुणा रोवायला घेतल्या. लोकांनी अडवलं. गोळीबार झाला. माणसं जखमी झाली, एक पोलीस मेला, कित्येक घरं सीमा ओलांडून केनियात पळाली. न्गोरोंगोरोतल्या लोकांना त्याच सुमाराला शेकडो किलोमीटर लांब म्सोमेराला नेऊन बसवायला सुरुवात झाली. सरकार म्हणतं, लोक स्वखुशीनं जातायत.

"स्वखुशीनं" हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. आपल्याकडं कागदावर "ऐच्छिक पुनर्वसन" असं लिहितात. ताडोबाच्या पोटातली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं अशीच ऐच्छिक उठली. कुटुंबामागं १० लाखांचं पॅकेज होतं, २०२१ पासून १५ लाख झालं. ज्या ठिकाणाला तारू या गोंडांच्या देवाचं नाव आहे, जिथं तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, तिथं आता गोंडानं जायचं तर गेटवर नाव सांगायचं आणि पुण्या-मुंबईच्या माणसानं जायचं तर ऑनलाईन बुकिंग करायचं.

बाईंना मी जाऊन सांगितलं. लॉज घेणार असाल तर हौद नंतर बघा. आधी टूरवाल्याला विचारा, जागा कुणाची? भाड्याची असेल तर भाडं कुणाच्या खात्यात जातं? "आम्ही स्थानिकांना मदत करतो" एवढंच सांगितलं तर तो देणगी देणारा आहे, भाडं देणारा नाही. शाळेला रंग दिला, विहिरीवर पाटी लावली, ही मदत झाली. भाडं हा हक्क. कॉन्झर्व्हन्सीतलं लॉज महाग पडतं हे खरं. तर म्हटलं, दोन रात्री कमी राहा.

गाईडचं मात्र थोडं सोपं आहे. केनियात गाईडांची एक संस्था १९९६ पासून परीक्षा घेते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे बिल्ले देते. बिल्ला विचारायचा. पण बिल्ल्याच्या आधी विचारायचं की बाबा, तुझं घर कुठं, तुला पगार आहे का नुसती टीप? टीपवर जगणारा गाईड तुम्हाला सिंह दाखवायला गाडी जनावराच्या अंगावर घालेल, कारण सिंह दिसला नाही तर त्याच्या घरी चूल पेटत नाही. यात दोष त्याचा नाही. आणि ती मसाई गावाची भेट! मारा भागातली जुनी तक्रार आहे की पर्यटकानं दिलेल्या पैशातला मोठा वाटा गाडीवालाच ठेवून घेतो आणि नाचणाऱ्यांच्या हातात उरलंसुरलं पडतं. म्हणून म्हटलं, पैसे गाडीवाल्याकडं देऊ नका, गावाच्या माणसाच्या हातात द्या, नाहीतर जाऊच नका. आपल्याकडं कुणी येऊन "जरा नाचून दाखवा" म्हटलं तर कसं वाटतं, ते मी सांगायला नको.

बाई म्हणाल्या, "एवढं विचारलं तर टूरवाला मला वेडी म्हणेल गं." म्हणू दे. पैसे तुमचे आहेत.

आता आपल्याकडं येते.

ताडोबा, नागझिरा, मेळघाट, जिथं जिथं गेट आहे तिथं आपली पोरं गाईड आहेत. जिप्सीबरोबर गाईड लागतोच, तसा नियम आहे. हे चांगलं झालं. मी स्वतः चंद्रपूरकडच्या शिबिरात अशा पोरांना भेटले. पक्ष्याचं नाव इंग्रजीत, मराठीत आणि गोंडीत सांगतात, माझ्यासारखीला लाज वाटावी. पण जेवताना एकजण म्हणाला, "ताई, पावसाळ्यात कोर बंद, जुलैपासून तीन महिने आम्ही मोकळे. धान लावायला जावं तर शेत बापानं रिसॉर्टवाल्याला देऊन टाकलं." डोक्यावर गाईडची टोपी आहे, पायाखाली जमीन नाही. आपल्या बायका त्याच रिसॉर्टात चादरी धुतात. मॅनेजर कधी आपल्यातला पाहिलाय का? मी नाही पाहिला.

त्या मोटरसायकलवाल्याला काय सांगायचं, तर हे. वनहक्क कायद्यानं मिळालेला पट्टा वारसानं पुढं जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. कलम ४(४). त्याच कलमात आहे की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. मसाई बाईला जे मिळालं नाही ते आपल्या कायद्यात लिहिलेलं आहे, म्हणून ज्यांच्या पट्ट्यावर अजून एकट्या पुरुषाचं नाव आहे त्यांनी ते आधी दुरुस्त करून घ्या. सातबाऱ्याची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला भाड्यानं द्यायलासुद्धा परवानगी लागते. "आपण स्टँपवर लिहून घेऊ" म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय, मग तो कितीही चहा पाजो.

आणि सामूहिक वनहक्काचा दावा टाकला नसेल तर टाका. मसाईंनी सामाईक जमिनीचे तुकडे पाडले आणि मग ते तुकडे गोळा करायला लॉजवाला आला. आपला सामूहिक हक्क ग्रामसभेच्या नावानं आहे, एकेकाला गाठून सही घेता येत नाही. उद्या तुमच्या जंगलात पर्यटन व्हायचंच असेल तर कुठल्या वाटेनं, किती गाड्या, गाईड कोण, पैसा कुठल्या खात्यात, हे ग्रामसभेनं ठरवावं. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं काही महिने व्याघ्र प्रकल्पांच्या कोरमधलं पर्यटन थांबवलं होतं. त्यानंतर जी नियमावली आली तिच्यात पर्यटन व्यवसायाकडून शुल्क घेऊन ते स्थानिकांसाठी वापरायचं असं आहे. आपल्या भागात ते किती जमलं, कुठं खर्चलं, हा अर्ज एका कागदावर होतो.

काही साथी म्हणतात पर्यटनच नको, हाकलून द्या. मला ते पटत नाही. आमच्या भागाचं सांगते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ सालचं. आधी ते ८,४९६ चौरस किलोमीटर धरलं होतं, त्यात गावंच्या गावं आणि लोकांची शेतं आली. नंतर १,२२२ वर आणलं. इतकी वर्षं एवढी बंदी झाली आणि माळढोक मात्र आता क्वचित दिसतो. माझ्या आज्याला हा पक्षी उघड्या जमिनीवर कुठं एकच अंडं घालतो ते ठाऊक होतं. फासे लावणारा माणूस, त्याला ते ठाऊक असणारच. त्याला कुणी विचारलं नाही. विचारायला आले ते दुसऱ्याच कशासाठी. एका फॉरेस्ट नाक्यावर त्याला रात्रभर बसवून ठेवलं होतं, झोळीत फासे सापडले म्हणून. राजांच्या काळात आमच्यातलेच लोक चित्ते पाळून शिकार करून दाखवायचे, तेव्हा त्याला कला म्हणत.

मध्य प्रदेशात पन्नाला २००९ पर्यंत सगळे वाघ संपले होते, बाहेरून आणून पुन्हा वाढवले. तिथं आज पारधी तरुण पर्यटकांना जंगलात पायी फिरवतात, ठसे वाचून दाखवतात. इकडं पुण्याच्या वन विभागानं इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला माळावरची सफारी सुरू केलीय, लांडगा, चिंकारा, तरस दाखवायला, आणि गावची पोरं गाईड घेतलीत. होटगीच्या तलावावर रोहित पक्षी येतात, तेव्हा मोठ्या कॅमेऱ्याची माणसं येतात आणि आमच्याच पोरांना वाट विचारून जातात, फुकट. माझ्या वस्तीतल्या पोरांना हे काम मिळावं असं मला वाटतं. माळ ज्याला पायांनी पाठ आहे त्यानं तो दाखवावा, पैसे मोजून घ्यावेत. पण आमच्या वस्तीच्या घरांखालची जागा अजून गायरान आहे, नावावर काही नाही. उद्या त्याच गायरानावर कुणी तंबू टाकून "निसर्ग पर्यटन केंद्र" काढलं तर पोरांना टोपी मिळेल आणि त्यांच्या आयांना नोटीस. म्हणून आम्ही आधी घरांच्या जागेचा अर्ज दिलाय, गाईडचा नंतर देणार.

बाईंचा परवा फोन आला होता. तिघांपैकी दोन टूरवाल्यांनी "मॅडम, ही माहिती आमच्याकडे नसते" असं सांगितलं. तिसऱ्यानं चार दिवसांनी कॉन्झर्व्हन्सीचं नाव कळवलं, जागामालक मसाई आहेत, भाडं महिन्याला खात्यावर जातं असं लिहून पाठवलं. बाईंनी त्यालाच पैसे भरलेत. मी म्हटलं, तिथं गेल्यावर एखाद्या मसाई बाईला विचारून या, भाडं तुझ्या नावावर येतं का म्हणून. त्या म्हणाल्या, भाषा कुठं येते मला? गाईडला विचारायला सांगा, म्हटलं. तो तिथलाच असेल तर विचारेल.

तुमच्या गावात लॉजसाठी जागा मागायला कुणी आलं असेल, कागद दाखवला असेल, तर त्याची नक्कल पुढच्या बैठकीला घेऊन या. सही करण्याच्या आधी.

— होटगीची साथी